जांभळीच्या वळणावर सोळा फ्रेम

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा दरीत! सलग नववा दिवस. जांभळीचं वळण आलं, चित्र अडकलं, सुटलं तेव्हा गाडी हवेत होती. मागे आठ प्रवासी. चंपाबाई किंचाळली, कुशाबा "आयला!" म्हणाला, आणि मंजुळेने स्वयंपाकघरातून विचारलं, "पडली का? मंग चहा टाकते."

एकतीस वर्षं एसटीत चालक होतो. पोलादपूर–महाबळेश्वर घाटात निम्मं आयुष्य गेलं. गाडीला एक ओरखडा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला कपाटात आहे. आणि आता निवृत्तीनंतर, स्वतःच्या घराच्या पडवीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली शेजारपाजारची माणसं मी रोज दरीत घालतोय.

दोष कॉम्प्युटरचा आहे. हे इथे लिहून ठेवतो.

७ जानेवारी, मंगळवार

हे सगळं अश्वजितमुळे. दिवाळीला पुण्याहून आला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर इथे ठेवून गेला. बरोबर स्टिअरिंग आणि पायातले पेडल. "बाबा, वेळ जाईल तुमचा." त्यातल्या बस चालवायच्या गेममध्ये कुणा हौशी माणसाने आपला आख्खा आंबेनळी घाट बनवलाय. लाल गाडीसुद्धा आहे!

डिसेंबर संपत येईपर्यंत कॉम्प्युटर तसाच पडून होता. पहिल्या दिवशी एकटाच चालवली. दुसऱ्या दिवशी शेजारचा कुशाबा कोयती मागायला आला आणि मागे खुर्ची ओढून बसला.

"कुठं चाललायस?"

"महाबळेश्वर."

"मंग मला कापड्याला सोड."

मला वाटलं मस्करी करतोय. कापडे आलं, मी गाडी थांबवली, तो उठला आणि खरंच घरी गेला! कोयती विसरून.

तेव्हापासून सकाळी दहाची गाडी सुरू आहे. कुशाबा खिडकीतून टॉवेल टाकून पुढची खुर्ची धरतो. दार सताड उघडं असतं, तरी टॉवेल खिडकीतूनच. चंपाबाईला गाडी लागते म्हणून ती लिंबू हुंगत बसते. मंजुळेने तिला प्लास्टिकची पिशवी दिली होती. एकदा वापरली. घंटी म्हणून ताटलीवर चमचा – एक टोला थांब, दोन टोले चल.

महाबळेश्वर मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही. सगळे जांभळीपर्यंतच.

९ जानेवारी, गुरुवार

अश्वजितला फोन केला. म्हणाला, "बाबा, त्यातलं ग्राफिक कार्ड जुनं आहे. समोर एकदम दरी उघडली की एवढं सगळं काढून दाखवणं त्याला झेपत नाही. सोळा फ्रेमवर येतं. साठ पाहिजेत."

म्हणजे असं – एका सेकंदाला साठ चित्रं पाहिजेत आणि मला सोळा मिळतात. उरलेली चव्वेचाळीस कुठे जातात ते मला विचारा. गाडी रोज तिथेच पडते.

"मग नवीन घ्यावं का?"

"गेमसाठी? बघा. तुम्हीच ठरवा."

बापाला नको म्हणायची ही पुण्याची पद्धत.

मंजुळेला किंमत सांगितली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेवढ्यात घरघंटी येते." चार वर्षं तिचं घरघंटीचं चाललंय. गिरणीत आधीच्या माणसाने मिरची दळलेली असते आणि आमच्या भाकरीला ठसका लागतो. खरं आहे तिचं. पण घरघंटीने माझा बिल्ला वाचणार आहे का?

१२ जानेवारी, रविवार

महाडला गेलो. राजेशचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याने तीन कार्डं काढून काउंटरवर ठेवली.

"काका, कसला गेम? मारामारीचा?"

"प्रवासी वाहतूक."

 मग मी नीट चौकशी केली. चढाला ओढेल का? गरम होतं का? पार्ट मिळतात का? मधल्या कार्डाला दोन पंखे आहेत, माझ्या जुन्याला एकच. पण ते लांबीला जास्त, माझ्या डब्यात बसवायला आतला एक कप्पा काढावा लागेल. शिवाय पॉवर सप्लायही बदलावा लागेल म्हणे. म्हणजे इंजिन बदलायचं तर चासीही बदला! डेपोत असं कुणी सुचवलं असतं तर मेकॅनिकने त्याला हाकललं असतं.

राजेश पोरगा प्रामाणिक. म्हणाला, "जुनं कार्डपण तसं वाईट नाय काका. आधी सेटिंग कमी करून बघा." कसं करायचं ते कागदावर लिहून दिलं.

१३ जानेवारी, सोमवार

सेटिंग कमी केली. झाडं गेली. दरीही गेली! तिच्या जागी हिरवी सतरंजी. कठडा दिसेना, डोंगर वहीतल्या चित्रासारखे टोकदार.

चंपाबाई म्हणाली, "गो बाय, ह्यो कुठला घाट? ह्या गाडीत मी नाय बसायची." कुशाबाने तिकिटाचे पैसे परत मागितले. तिकीट कधी काढलंच नव्हतं.

गाडी सतरंजीत गेली. सेटिंग परत होती तशी केली.

१५ जानेवारी, बुधवार

प्रवाशांची सभा. विषय – कार्ड घ्यावं की नाही.

कुशाबा उभा राहून बोलला. "कार्ड घेतलाच पायजे. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न हाय." ह्या माणसाने तीस वर्षांत कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नाही! चंपाबाई म्हणाली, "घरघंटी घ्या. दळान तरी होयल." चार इकडे, चार तिकडे. मग सगळ्यांनी मंजुळेकडे बघितलं.

"मी कवा बसलेय तुमच्या गाडीत? माझा मत कशाला?" म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली.

दुपारी तीन ते पाच मी रोज एसटी स्टँडवर असतो. आम्ही चार जुने चालक बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चुका काढतो. आज तिथे कळलं की कुशाबा बाजारात म्हणाला, "काशीरामचा हात गेला आता. रोज पाडतोय." एकाने मला हसत विचारलं, "खरं का रे?"

मी कार्डाचं सांगायला लागलो. फ्रेम, पंखे, सगळं. सांगता सांगता लक्षात आलं, कुणीच ऐकत नाही. एकतीस वर्षांचं नाव असं पंधरा-वीस दिवसांत जातं! मला फार लागलं ते. पाचच्या आधीच उठून आलो.

घरी पडवीत मंजुळा घाईघाईने खुर्च्या आवरत होती. बरं वाटलं, किती करते.

१६ जानेवारी, गुरुवार

इथे कोण वाचतंय? खरं लिहितो. जांभळीच्या वळणावर मी साठच्या वेगाने असतो.

एकतीस वर्षं पाय बांधलेला होता. मागे चाळीस-पन्नास जीव, त्यात लेकुरवाळ्या, म्हातारी माणसं. तिथे वीसच्या वर कधी गेलो नाही. खेळात वाटलं – एकदा तरी! पण ज्याने चांगलं कार्ड टाकलंय तोही साठने जातच असेल ना? मग दोष कार्डाचाच.

१८ जानेवारी, शनिवार

माझी सीट कुणीतरी हलवली!

चार बोटं पुढे ओढलीय आणि खाली उशी ठेवलीय. चालकाला हे बसल्याबरोबर कळतं. डेपोत यावरून मी एकदा दोन दिवस एकाशी बोललो नव्हतो. स्टिअरिंगवर पीठ. माझ्या जुन्या खाकी शर्टाला लसणाच्या फोडणीचा वास.

मंजुळेला विचारलं. "मांजर आसंल."

मांजराने उशी ठेवली?

दहाच्या गाडीला आज तीनच प्रवासी. कुशाबाचा टॉवेलही आला नाही. चंपाबाई आली खरी, पण मध्येच म्हणते, "वर कसं गार वाटतंय, आन् ते स्ट्रॉबेरीचे मळे!" मी म्हटलं, "तू कधी गेलीस महाबळेश्वरला?" तिने लिंबू नाकाला लावलं आणि डोळे मिटले. खऱ्या एसटीने जाऊन आली असणार. म्हणजे आता प्रवासी सेवा सोडून चालले!

२१ जानेवारी, मंगळवार

गाडीला प्रवासी – शून्य. मी एकटा. तरी सुटलो, वेळ म्हणजे वेळ. जांभळीला पडलो. ओरडायलाही कुणी नव्हतं.

ठरलं. कार्ड घेणार! दोन पंख्यांचं, पॉवर सप्लायसकट.

मंजुळेला सांगितलं. वाटलं भांडेल. ती म्हणाली, "घ्या. तुमचा मन हाय तं घ्या." भांडली असती तर बरं झालं असतं. पदराने हात पुसत राहिली, कोरडे होते तरी.

२२ जानेवारी, बुधवार

नीट क्रमाने लिहितो.

जेवून महाडला गेलो. कार्ड घेतलं. राजेशने पॉवर सप्लायही बांधून दिला, म्हणाला उद्या येऊन बसवतो. परतीची गाडी लगेच मिळाली. खोकं मांडीवर. चारच्या सुमारास घरी पोचलो. ह्या वेळी मी कधीच घरी नसतो.

दाराबाहेर चपलांचे चौदा जोड.

खिडकीतून पाहिलं. पडवी भरलेली! माझ्या सीटवर मंजुळा. साडीवर माझा खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. अनवाणी पाय पेडलवर. मागे कुशाबा, चंपाबाई, वरच्या आळीतल्या दोन बायका – दोघी तर उभ्या.

समोर जांभळीचं वळण येत होतं. मी खोकं घट्ट धरलं.

तिने हॉर्न दिला. दुसरा गिअर. वळणाच्या तोंडाशी गाडी जवळजवळ थांबवली. दरी उघडली आणि चित्र अडकलं – माझं अडकतं तसंच. तिने काही केलं नाही. दूध वर यायची वाट बघतात तशी बघत बसली. चित्र सुटलं. मग दहाच्या वेगाने गाडी वळवली आणि पलीकडे गेली.

जुन्याच कार्डावर! सोळाच फ्रेमवर!

आणि कुशाबा? माझ्या गाडीत "आयला" ओरडणारा कुशाबा झोपला होता. तोंड उघडं टाकून.

मी खिडकीशीच उभा राहिलो. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये, हे गाडीत लिहिलेलंच असतं. महाबळेश्वर आलं. चंपाबाईने ताटलीवर एक टोला दिला. तेव्हा खोकलो.

सगळे उठून उभे राहिले. कुशाबा जागा होऊन म्हणाला, "आला का कापडा?" मग मला बघून चपला शोधायला लागला. दोन मिनिटांत पडवी रिकामी.

मंजुळा शर्टाची बटणं काढत होती. 

"किती दिवस चाललंय हे?"

"संक्रातीपासून." शर्टाची घडी करत म्हणाली, "तुमीच तं सांगत आलात. जेवताना रोज. हॉर्न दे, दुसरा टाक, वळान दिसंस्तवर थांब. एकतीस वर्सं तेच आयकलं. मला दुसरा काय येतंय?"

मला वाटायचं, ती ऐकत नाही. भाकऱ्या करत असायची आणि मी आपला भिंतीला सांगितल्यासारखा घाट सांगायचो. लाज वाटली, आणि त्या लाजेत अभिमानही होता. दोन्ही एकदम.

२३ जानेवारी, गुरुवार

राजेशला फोन करून येऊ नको म्हटलं. बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

कार्ड परत केलं. सील फोडलं नव्हतं. राजेश म्हणाला, "सेटिंगने जमलं का काका?" म्हटलं, "चालक बदलला."

घरघंटी संध्याकाळी टेम्पोने आली. मंजुळेने पहिलं दळण टाकलं आणि पीठ दोन बोटांत घेऊन बघत राहिली. ठसका नाही.

बिल्ला कपाटातून काढून खाकी शर्टाला लावला. तिला सांगितलं नाही. बटणं लावताना दिसेलच.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टीची जादा गाडी. चालक – मंजुळा. मी सीट नंबर तीन, खिडकीतून टॉवेल टाकून धरलेली.

जांभळीचं वळण कधी गेलं, कळलं नाही. घाटात माझा डोळा लागला होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.