चार धारांचं पाणी आणि दत्तू

१० मे, बारामती
बॅग भरून झाली. सौ.नं शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे कोंबलेत. वैशालीचा पेरू देशातल्या लिमाहून रोज फोन, स्वेटर घ्या, बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. लेकीची तिकडची नेमणूक दोन वर्षांची. ती संपायच्या आत बापाला इंका लोकांची डोंगरावरची गावं दाखवायची असं तिनं मनात धरलंय. सौ. येत नाही. "डोंगर बघाय एवढ्या लांब? तुमी जावा. मी हितं बरी हाय."

मला डोंगराचं एवढं नाही. त्या लोकांनी इतक्या उंचावर पाणी कसं खेळवलं ते बघायचंय. तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होतो. शेतापर्यंत जाणाऱ्या चारीच्या कडेनं सायकल मारत लोकांना पाण्याच्या पाळ्या वाटून दिल्या. पण आपल्याकडं धरणातनं सुटलं की उतारानं येतं, त्यात आपली काय करामत.

निघायच्या आधी धाकट्या भावाला, दत्तूला फोन केला. उचलला नाही. दोन उन्हाळे असंच.

१३ मे, लिमा
विमानात पाय सुजले. इथं पाऊस जवळजवळ पडतच नाही म्हणे, तरी एवढं शहर. मग पाणी कुठून आणतात? वै. म्हणाली, "आण्णा, आधी झोपा."

१५ मे, कुस्को
अकरा हजार फूट. जिन्यावर दर चार पायऱ्यांना थांबावं लागतंय. हॉटेलवालीनं कोकाच्या पाल्याचा चहा दिला. चव ओल्या कडब्यासारखी. दोन कप प्यालो, जरा बरं वाटलं.

संध्याकाळी गल्लीत इंकांच्या भिंती. दगडाला दगड, मध्ये चुना नाही. फटीत काही जात नाही म्हणतात. एसटीचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड घालून बघितलं. खरंच जात नाही. वै. दुसरीकडं बघत उभी राहिली. लाज वाटली असणार.

१७ मे, माचू पिच्चू
अखेर बघितलं. ढग खाली, आपण वर. लोक फोटोत गुंग, मी नाल्या शोधत फिरलो. दगडात कोरलेली कुंडं एकाखाली एक, सोळा मोजली. वरच्यातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं त्याच्या खालच्यात. आणि पहिलं कुंड राजाच्या खोलीजवळ. वै.ला म्हटलं, "इथंबी चारीच्या तोंडाला मोठा माणूसच." हसली.

उतरताना तिनं विचारलं, "आण्णा, काकांचं आणि तुमचं नक्की काय झालं?" आजवर कुणी सरळ विचारलं नव्हतं.

सांगितलं. बावड्याला आमच्या रानातली विहीर सामाईक, निम्मी निम्मी. वडील गेल्यावर पाळी मीच लावली, तीन दिवस तो, तीन दिवस मी. कागद केला, दोघांच्या सह्या. दोन वर्षांमागं ऐन एप्रिलात त्याच्या पाळीत विजेची डीपी जळाली, मोटर बंद. नवी बसली ती माझ्या पाळीच्या सकाळी. तो आला, "दादा, तुझं दोन दीस मला दे, ऊस करपाय लागलाय." मी म्हणालो, गेलेलं पाणी भरून मिळत नाही, नियम आहे. कालव्यावर सगळ्यांना हेच सांगत आलो. भावाला वेगळं कसं सांगू?

वै. म्हणाली, "तुमच्या उसाचं काय झालं?"

माझा ऊस चांगला आला होता.

२० मे, तिपोन
कुस्कोपासून तासाभराची वाट. फार कुणी येत नाही. डोंगराच्या पोटात पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यातनं वाहतं पाणी. कित्येक शतकांचं, अजून चालू. पाणी बघून मला हसू यायला लागलं, का ते कळेना.

वाटाड्या विल्बर, माझ्याच वयाचा, खालच्या गावातला शेतकरी. त्याचं बोलणं वै. मराठीत करून सांगत होती. एका ठिकाणी वरून एक धार येते, दगडात तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. चारी सारख्या. डोळ्यांवर विश्वास नाही ठेवला, बोटं बुडवून बघितलं. चारी ठिकाणी दोन पेरं.

मग घोटाळा केला. कडेच्या धारेत गवत अडकलं होतं, पाणी फुगत होतं. पँट गुडघ्यापर्यंत ओढली, दोरी ओलांडली, गवत उपसून टाकलं. हात आपोआप गेला. शिट्टी वाजली. रखवालदार पळत आला, वै. गयावया करतेय, मी चिखलाचे हात घेऊन उभा. विल्बरनं विचारलं, हे काय काम करत होते? वै.ला पाटकरी सांगता येईना. "पाणी वाटणारा" म्हणाली बहुतेक. त्यानं रखवालदाराला काहीतरी सांगितलं, तो हसला, निघून गेला.

मी विचारलं, दुष्काळात कुणाचं पाणी तोडायचे? विल्बरला प्रश्नच कळेना. वै.नं पुन्हा विचारलं. तो म्हणाला, इथं तोडायचं कुठाय? झरा आटला तर चारी धारा बारीक होतात. कुणा एकाची कोरडी पडत नाही.

दगडावर बसून राहिलो. वै.ला वाटलं दम लागला, पाणी आण, गोळी आण. दम नव्हता लागला. माझं चुकलं होतं. नियम बरोबर होता, मी चुकलो. विहिरीचं पाणी दोघांचं, तसा तुटवडापण दोघांचा. मी सगळा त्याच्या वाट्याला घातला.

२१ मे, कुस्को
दत्तूला चार धारांचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, विहिरीवर कुंडी बांधू, दोन सारखी तोंडं ठेवू, दोघांचं पाणी एकदमच चालेल. पाळी नको. लाईट गेली तर दोघांची जाईल.

'माझं चुकलं' असंही लिहिलं होतं. पाठवायच्या आधी खोडलं. का खोडलं, काय माहीत. मोठेपणा, दुसरं काय.

२२ मे
निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. सौ.चा फोन, "भावजींनी फोटू जाऊबाईंना दाखवला म्हनं. बोललं काय न्हाईत."

२४ मे, लिमा
दत्तूचा आवाज. रेकॉर्ड करून पाठवलाय. पाच वेळा ऐकला.

"दादा, दगूड चांगला हाय. कुंडीचं बी कळलं. पर ते म्होरलं झालं. माझा ऊस जळत हुता तवा तू बांधावर हुबा ऱ्हाऊन तुझ्या रानात दारं धरत हुतास. माझ्याकडं बघितलं बी न्हाईस. तेवढं का, ते सांग."

बघितलं होतं. म्हणून तर परत बघवलं नाही. हे त्याला कसं सांगायचं?

वै.ला ऐकवलं नाही.

२८ मे, बारामती
पोचलो. ऊन तसंच. सौ. म्हणाली, वाळलात. लोक भेटायला येतात, फोटो बघतात, तिथं खायला काय मिळतं ते विचारतात. पाण्याचं कुणी विचारत नाही.

दत्तूला अजून काही कळवलेलं नाही. चारदा लिहिलं, चारदा पुसलं. हे फोनवर व्हायचं नाही.

उद्यापासून तीन दिवस माझी पाळी. माझं रान बघणाऱ्या शिवाला फोन केला, मोटर लावू नको. म्हणाला, "आण्णा, ऊस सुकंल की. दत्तूभाऊंची मोटर लावू देऊ का?" म्हटलं, त्याची त्याला लावू दे. मागायला लावू नको, तूच जाऊन सांग.

सकाळच्या एसटीनं बावड्याला निघतोय. दत्तू पाणी घेईल का तसंच विहिरीत ठेवील, सांगता येत नाही. तो हट्टी आहे. आमच्या घरात सगळेच.