शंभरावर अडकलेला थर्मामीटर

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. मी इकडे बरा आहे, तुम्ही आणि मामीही बरे असाल असे धरून चालतो. तुमचा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्राच्या सुरुवातीला तुम्ही डावा लिहिला होता, शेवटी उजवा. एकदा नक्की कळवावे, म्हणजे मला नेमकी काळजी करता येईल.)

दहावीत गणिताने माझा हात सोडला तरी शाळेने मला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून ठेवून घेतले, हे तुम्हाला माहीतच आहे. आता ती प्रयोगशाळाच जायची वेळ आली आहे. शाळेत भिंतीएवढा पडदा आलाय. त्यावर बोट टेकवले की बर्नर पेटतो, पाणी बरोबर शंभर अंशांवर उकळते, काही फुटत नाही, कोणाची बाही जळत नाही आणि नंतर मला काही धुवावे लागत नाही. (यातच माझी गोची आहे.) मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, मग ही टेबले कशाला अडवून ठेवायची? टेबले अडगळीत आणि मी ऑफिसात शिक्के मारायला, असे ठरतच आले होते. विज्ञानाच्या बाईंनी कसाबसा एक तास मागून घेतला, तेच पाणी टेबलावर उकळून दाखवायला.

अडचण अशी, की आमच्या थर्मामीटरांचे आपसात कधी पटत नाही. एक सत्त्याण्णव म्हणतो, दुसरा एकशे दोन. म्हणून आदल्या दिवशी मी पाणी उकळून एकेकाला तपासले आणि पडद्याशी न जुळणारे कपाटात घालून कुलूप लावले. (कुलूप ओढूनही पाहिले.) शेवटी एकच उरला. अगदी शंभर. या आनंदात त्याला पुन्हा तपासायचे राहून गेले.

तासाला पाणी उकळले, शंभर. बाई खूश, मी खूश. मग मुख्याध्यापिकाबाईंनी तोच थर्मामीटर आपल्या प्यायच्या पाण्यात बुडवला. शंभर. झटकला, तरी शंभर. आतला लाल धागा तुटून वरचा तुकडा तिथेच चिकटून बसला होता. "म्हणजे मी सकाळपासून उकळतं पाणी पितेय," त्या म्हणाल्या. वर्ग हसून लोळला.

"दादा, बाकीचे कुठायत?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले. मी कपाट उघडले. मग प्रत्येक टेबलावर वेगळा आकडा आणि एकच भांडण. "तुझा बुडाला टेकलाय." "तू आधी डोळे तपासून ये." बाईंनी कोणाला थांबवले नाही, सगळे आकडे फळ्यावर लिहिले आणि ते का जुळत नाहीत हे मुलांनाच शोधायला लावले. नंतर पडद्यावर उकळत्या पाण्याचे कण उड्या मारताना दाखवले. ते माझ्या कुठल्याच भांड्यात कधी दिसणार नाही, आणि खरे सांगतो, मी भांडी उचलायचे विसरून बघत राहिलो. पण एकाने पडद्यातल्या पाण्यात मीठ टाकायला सांगितले, तर तशी सोयच नव्हती. टेबलावरच्या पाण्यात मूठभर मीठ पडले आणि धागा किंचित वर सरकला, तेव्हा भांडणारे सगळे एका भांड्यावर वाकले.

मुख्याध्यापिकाबाईंचे मत मात्र असे, की गोंगाट फार झाला. "सोमवारी पुन्हा दाखवा. पडद्यावर होत नाही असं काही असेल तर टेबलं राहतील. हे शेवटचं." मामा, मी ठरवले आहे. आता एकही थर्मामीटर लपवणार नाही आणि टेबले जाऊ देणार नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. पत्राचे कारण लिहायचे राहिले. बाई म्हणतात, उंचावर पाणी शंभराच्या आधीच उकळते, ते मुलांनी डोळ्यांनी बघायला हवे. तुमचे चहाचे दुकान डोंगरमाथ्यावर आहे. सोमवारी दुपारी तुम्ही पातेल्यात थर्मामीटर धरावा, मामींनी मोबाइल धरावा, आम्ही इथे पडद्यावर बघू आणि खालच्या पाण्याशी ताडून पाहू. थर्मामीटर कापसात गुंडाळून सोबत पाठवत आहे. (धागा तपासला. पुन्हा तपासला.) पाण्यात चहापत्ती नको.

आणखी एक ता. क. तिकडून बोलणार कोण, असे मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले तेव्हा घाबरून मी म्हणालो, ओळखीचे एक संशोधक आहेत, उभा जन्म पाणी उकळण्यावरच काम करत आले आहेत. मामा, ते तुम्ही. गिऱ्हाइके मागे दिसणारच, म्हणून तुमचे सहकारी आहेत असेही सांगून ठेवले आहे. त्यांनी तेवढा वेळ बशीतून पिऊ नये.