अंगावरून जाते

मंगळवार, संध्याकाळ

काल इथे लिहिलं की आमच्या वर्गातल्या चिन्मयने वॉर्डात सरांसमोर केस फार छान मांडली. चुकलं. फक्त इंग्रजी छान होतं.

अशक्तपणासाठी भरती झालेल्या हिंगणीच्या मावशी त्याला म्हणाल्या होत्या, "अंगावरून जाते." त्याने सरांना सांगितलं, पांढरं जातं. अंगावरून तर लालही जातं, कुठून आणलं पांढरं? मी शेजारीच उभी होते, मलाही खटकलं नाही. आज दुपारी एकटीच जाऊन विचारलं, लाल की पांढरं? मावशींनी पदर तोंडाशी धरला.

"लालच वं बाई. पाळी जाऊन किती सालं झाले. या वयात कोणाले सांगू? त्या पोरानं इचारलंच नाई."

पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर गर्भपिशवीचा कॅन्सर नाही ना, हे आधी बघायचं असतं. आणि यांना गुरुवारी गोळ्या देऊन घरी पाठवणार!

चिन्मयला मेसमध्ये गाठून हे सांगितलं. तोंडात समोसा. "आता काऊन उकरून राह्यली? सर खूश झाले ना!" आणि हसला. इथल्याच पुलगावचा आहे, त्याला मावशींचं बोलणं कळत नाही असंही नाही. किळस आली. त्याच्या हसण्याची, त्या 'छान'ची, आणि त्याच्यासारखं बोलता यावं म्हणून आरशासमोर घोकणाऱ्या माझीही.

शाळेत घालायच्या आधी आई घरी शिकवायची. गोष्ट ऐकवून परत सांगायला लावायची आणि पदरचं घातलं की थांबवायची. ते पांढरं पदरचंच.

सरांसमोर माझी जीभ अडखळते. अडखळू दे. उद्या, बुधवारी, राऊंडला मावशींच्या खाटेपाशीच सांगणार.