फुकटातला चष्मा

सोम., ३ नोव्हें.
आज ताग्याच्या कडेवरचा नंबर वाचता आला नाही. दुकानातल्या शोभाने वाचून दिला. हळू आवाजात, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. चांगली पोरगी आहे, तरी राग आला.
चष्म्याची दांडी पुन्हा निसटली. तपकिरी दोऱ्याने बांधली. दोरा असा जुळवलाय की दांडी कुठे संपते नि दोरा कुठे सुरू होतो ते कोणी दाखवावं. इतवारीच्या बाजारात एवढी वर्षं मॅचिंगच्या दुकानात बसते. साडीला ब्लाउजपीस, अस्तर, फॉल जुळवून देते. एवढं तर यायलाच हवं.
रात्री नितीन म्हणाला, "आई, बस झालं आता. रविवारी नवीन चष्मा घेऊ." मी नको म्हटलं. सून प्रज्ञा म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" लोकांचा विषय निघाला की मग मला बोलायला जागाच उरत नाही.

रवि., ९
गेलो. चष्म्याचं दुकान कसलं, एसीत थरथरायची वेळ. तपासणाऱ्या मुलीने हनुवटी यंत्रावर ठेवायला लावली, अक्षरं वाचून घेतली. उजवा ठीक. डाव्याचं म्हणाली, "काकू, यात नंबर वाढवूनही थोडं धूसरच येऊन राहिलं. डोळ्याच्या डॉक्टरले एकदा दाखवून घ्या." नितीन तेव्हा बाहेर फोनवर. मी मान हलवली. या लोकांना एकाकडून दुसऱ्याकडे धाडायची सवयच असते.
फ्रेम. मला जुन्यासारखीच तपकिरी हवी होती. प्रज्ञा म्हणाली, "त्यात तुम्ही हेडमास्तरीण दिसता." मग एक काळी, एक सोनेरी, एक बिनकाठाची. शेवटी गुलाबीसर, बारीक. तोंड माझं, पसंती सगळ्यांची.
नितीनलाही मिहानच्या ऑफिसासाठी नवा हवा होता. कॉम्प्युटरवाल्यांची काच, डोळ्यांना त्रास नको म्हणून. त्यावर तसाच एक फुकट. ती फुकटवाली मी.
जुना चष्मा तिथल्या डब्यात टाकून आले. म्हणजे प्रज्ञाने टाकला. टप्प असा आवाज आला. दोऱ्यासकट गेला.

गुरु., १३
आला. वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये देव जाणे काय. जमीन खड्ड्यात गेल्यासारखी दिसते. नंदनवनच्या आमच्या घराच्या जिन्याची शेवटची पायरी होती तिथे नव्हती, आणि नव्हती तिथे होती. कठडा धरून उतरले. शेजारीण बघत होती.
दुकानात नंबर वाचायला मान वर, गिऱ्हाइकाकडे बघायला मान खाली. शोभा म्हणाली, "मावशी, कोंबडीवानी मान करून राहिल्या जी तुम्ही!" सगळे हसले. मीही हसले. करणार काय?

रवि., १६
एक मात्र खरं, पेपर सरळ वाचता आला. तांदळातले खडे दिसले. पंख्यावरची धूळ दिसली, ती मी प्रज्ञाला दाखवली. तिने माझ्याकडे असं बघितलं की चष्मा परवडला. आरशात स्वतःलाही नीट पाहिलं. नसतं पाहिलं तरी चाललं असतं.

बुध., १९
लग्नसराई सुरू. उमरेडची बाई आली, मुलीच्या लग्नाची साडी घेऊन. चिंतामणी रंग, निळ्या-हिरव्याच्या मधला, काठ गर्द. चिंतामणीला मॅचिंग देणं म्हणजे खेळ नाही. जरा इकडे गेला तर मोरपंखी, जरा तिकडे गेला तर रामा.
पायरीवर गेले. नेहमीची रीत. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही, उन्हातही नाही, सावलीतल्या उजेडात. पीस पदराखाली सरकवायचा नि दोन्हींची कड बघायची. बाबांनी शिकवलं. ते सूत रंगवायचे. आमच्याकडचा माग गेला, भट्टी गेली, एवढं माझ्याकडे राहिलं.
दिला पीस. बाई म्हणाली, "बाई, तुमच्या हाताचाच पायजे होता मले. बहिणीने सांगतलं होतं."

शुक्र., २१
ती उमरेडची बाई परत. बरोबर तिची जाऊ, नवरीमुलीची आत्या आणि आणखी दोघी. पीस रामा निघाला. हिरवट. शिवून झालेलं ब्लाउज साडीवर ठेवून तिने गादीवर पसरलं. "पाह्य, काय दिलं तुम्ही! पोरगी रडून राहिली घरी."
मी बघितलं. मला ते तेव्हाही बरोबरच दिसत होतं. हे तिला कसं सांगणार?
शोभाने मागच्या रॅकमधून एक तागा ओढला, पायरीवर गेली, आली. "हा घ्या." सगळ्या बायका म्हणाल्या, हो, हाच. मला दोन्हींत फारसा फरकच दिसेना.
शेठ हसून म्हणाले, "होता है बाई, उमर है." शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं.
समोरच्या दुकानाने गल्लीवर नवी निळी ताडपत्री ताणलीय. उजेडच निळा पडतो. तिचाच घोटाळा असणार. शेठना तसं सांगितलं. ते म्हणाले, "शोभाले तर दिसलं ना त्याच उजेडात."

शनि., २२
पांढऱ्यावर क्रीम दिलं. गिऱ्हाइकाच्या पिशवीत जायच्या आधी शोभाने गुपचूप बदललं. मी बघितलं हे तिने बघितलं. दुपारी डबा एकत्र खाल्ला, तिने मला आंब्याचं लोणचं वाढलं.

सोम., २४
गादीवरून उठवलं. शेठ गोड बोलले: "चश्मा जम जाने दो बाई, तोवर तुम्ही पॅकिंगवर बसा. सीझन आहे, समजून घ्या." म्हणजे पिशव्या भरायच्या. माझ्या जागी शोभा.
जुनी गिऱ्हाइकं आली की आधी माझ्याकडे यायची, मी पिशवीचं तोंड धरून उभी. एकीने विचारलं, "काहून, आज इथं?" म्हटलं, "पाठ दुखते, उभं राहावं वाटतं." पाठ दुखणारी बाई दिवसभर उभी. माझ्या खोट्यालाही आता मॅचिंग जमेना.
बाबा असते तर? नसलेलेच बरे.

मंगळ., २५
सापडलं!
नितीनचा पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला. पिवळट. म्हटलं, प्रज्ञाने कशात धुतला. चष्मा काढला तर शर्ट बराच पांढरा. घातला, पिवळट. मग चष्मा काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. काचेतून कागद पाहिला, बाजूने पाहिला. काचेखाली हळद लागल्यासारखा. आणि तिरपा धरला की काचेवर निळी चमक.
कॉम्प्युटरवाल्यांची काच. निळं अडवणारी. निळ्या-हिरव्यावर पोट असलेल्या बाईच्या डोळ्यावर निळं अडवणारी काच बसवली, कारण ती फुकट होती!
नितीन आला तशी तोंड सोडलं. तो म्हणाला, "आई, मले काय माहीत? तुझ्या डोळ्यांसाठी चांगली म्हणूनच—" म्हटलं, "माझ्या डोळ्यांसाठी नाही, ऑफरसाठी. आईच्या डोळ्यांवर ऑफर लावली तू." प्रज्ञा ताटावरून उठली. मी थांबले नाही. म्हटलं, "तुझ्या बापाने माझ्यासाठी कधी फुकटातली वस्तू आणली नाही." ते खरंही नाही. हे आयुष्यभर फुकटाच्याच शोधात असायचे. पण लागलं त्याला. चेहरा उतरला. लागावं म्हणूनच बोलले होते.

बुध., २६
नितीन सकाळी एवढंच म्हणाला, "चल." रजा टाकली होती. त्याच दुकानात गेलो. साधी काच, पांढरी, रंग नसलेली, घाला म्हटलं; ती येईपर्यंत हाच वापरा म्हणाले. तीच तपासणारी मुलगी. "काकू, डॉक्टरकडे जाऊन आल्या का?" मी म्हटलं, "आधी तुमची काच तर नीट करा." नितीन बघत होता. स्कूटरवरून गेलो-आलो. पूर्वी मी मागे बसले की पदर सांभाळ म्हणायचा.

शुक्र., २८
अख्ख्या दुकानाला सांगितलं. फॉलवाल्याला, चहावाल्याला, समोरच्या ताडपत्रीवाल्याला. चष्म्याचा दोष होता, माझा नाही. कागदावर काच ठेवून दाखवली सगळ्यांना. शेठनीही बघितलं. "अरे, सचमुच पीला है! बरं झालं सापडलं बाई. नवा आला की बसा परत गादीवर." शोभा म्हणाली, "मी तर म्हणतच होती, मावशीचा डोळा चुकूच शकत नाही."
आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. घरात मात्र अबोला. प्रज्ञा "वाढू का" सुद्धा भिंतीला विचारते. एकदा चष्मा आला की बोलेन त्याच्याशी. आधी दुकानाचं होऊ दे.

मंगळ., २ डिसें.
नवी काच आली. कागदावर ठेवली. कागद पांढरा, काचेखालीही पांढरा. हळदीचं नाव नाही. नितीन दारात उभा राहून बघत होता.

बुध., ३
गादीवर बसले. शोभा बाजूला सरकली, हसून. शेठनी मुद्दाम पहिलं गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवलं. आणि आलं काय, तर चिंतामणीच.
रॅकमधून दोन तागे काढले, पायरीवर गेले. दोन्ही सारखे दिसले.
पुन्हा पाहिलं. कड लावून पाहिली. सारखे. ताडपत्रीच्या बाहेर, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. गिऱ्हाईक मागून, "काय झालं जी?" चष्मा काढला, पदराने पुसला, घातला. सारखे.
घामाचा थेंब डाव्या डोळ्यात गेला. तो मिटला. आणि एकदम दोन तागे दोन रंगांचे झाले. डावीकडचा स्वच्छ चिंतामणी, दुसरा रामा.
डावा उघडला, उजवा मिटला. दोन्ही तागे एकाच मळकट हिरव्यात बुडाले. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. दोन्ही उघडे ठेवले की डावा उजव्याला आपल्याकडे ओढतो.
दोष काचेचा नव्हता. म्हणजे होता, थोडा. बाकीचा माझाच. चष्म्याच्या दुकानातली ती मुलगी दोनदा सांगत होती.
डावा डोळा मिटून तागा निवडला. आत येऊन दिला. शोभाने लांबून बघितलं नि मान हलवली, बरोबर म्हणून. शेठ म्हणाले, "देखो! चश्मे का ही था सब."
मी हो म्हटलं.

गुरु., ४
कालपासून गादीवर. एकही चुकला नाही. प्रत्येक वेळी पायरीवर जाऊन डावा डोळा मिटते. शोभाने विचारलं, "मावशी, डोळ्यात काही गेलं का जी?" म्हटलं, "कचरा." ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे चांगले आहेत.
डॉक्टरकडे जायचं तर नितीनला सांगावं लागेल. नितीनला सांगायचं तर त्या रात्री जे बोलले तेही परत घ्यावं लागेल. आणि दुकानात सांगायचं तर पुन्हा पिशव्या.
संध्याकाळी तो स्वतःहून जवळ आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पाण्याचा पेला हातात. "आई, आता बरोबर दिसते ना?"
"हो," म्हटलं, "तुझ्या त्या फुकटच्या काचेनेच सगळं केलं होतं."
त्याने मान खाली घातली. "सॉरी," म्हणाला नि आत गेला.
त्याच्या पाठीकडे बघत राहिले. हाक मारायला तोंड उघडलं होतं.
उद्या लग्नाची मोठी पार्टी येणार आहे. सगळं मॅचिंग माझ्याच हातचं हवं, असं शेठनी त्यांना सांगून ठेवलंय.