दोन्ही पाय डावे

नीउ-व्हेनेप,
फेब्रुवारी २०२१

प्रिय ताई,

आणि वर मलाच सांगतेस, रागावू नको म्हणून! रागावू नको तर काय करू, ओवाळू तुला? पाठवलेले पैसे जसेच्या तसे परत, आणि खाली एक ओळ, 'शर्वरीच्या कष्टाचे आहेत, मला पचायचे नाहीत.' शर्वरीला विचारलंस तरी का? ती बिचारी आठवडाभर तोंड पाडून बसली होती. लग्नात आमच्या बाजूने अख्ख्या भावकीशी भांडलेली नणंद, आणि आता तीच परकं करते. फोनवर भांडायला लागलो की तुझं गॅसवर दूध असतं आणि ते उतू जातं. म्हणून हे पत्र. आता ठेव बघू मध्येच फोन. अक्षराला हसू नकोस, दहावीला दोनदा गचकलेल्या माणसाचं आहे.

मी बायकोच्या जिवावर बसून खात नाही, हे आधी डोक्यात घे. खात होतो, तेही सांगतो. तिच्या नोकरीच्या परवान्यावर तिचा नवरा म्हणून इथे आलो, ती दिवसभर कॉम्प्युटरपुढे आणि मी खिडकीत. तिच्या ऑफिसातला शैलेंद्र पहिल्या भेटीत विचारतो, 'तू कशात आहेस?' म्हटलं, 'सध्या तरी पायजम्यात आहे.' हसले सगळे. मला रात्रभर लागलं ते. पुढे एका हॉटेलात भांडी घासायला लागलो तर कोरोनाने हॉटेलच बंद. पण नोव्हेंबरपासून माझं स्वतःचं काम आहे, हे तुला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तू 'बरं' म्हणालीस. लहान मुलाने मातीचं घर दाखवल्यावर म्हणतात ना, तसं बरं.

काम स्कीच्या दुकानात. स्की म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या. हा देश परातीसारखा सपाट, म्हणून माणसं मुद्दाम गाडी काढून ऑस्ट्रियाच्या डोंगरात घसरायला जातात. यंदा तेही बंद. दुकानही सरकारने बंद केलंय, पण लोकांचे बूट दारात खोक्यातून येतात, कारण घरी बसून सगळ्यांना जुन्या वस्तू नीट करायची खाज सुटलीय. मागच्या शेडमध्ये या टोकाला मालक योरिस, त्या टोकाला मी, मध्ये उघडी खिडकी, थंडीने हात आखडलेले.

ते बूट तू बघावेस. गुडघ्याखाली निम्म्या नडगीपर्यंत कडक प्लॅस्टिक, आत मऊ गादीचा मोजा. एवढी किंमत घेऊन कंपनी वर लावते काय, तर आपल्या शाळेच्या दप्तराला असायची तसली चर्रकन उघडणारी चिकटपट्टी! दोन मोसमांत ढिली. मग लोक वेगळा पट्टा विकत घेतात. रुंद, आत रबराचा ताण, बाजूला धातूची कडी. पॉवर स्ट्रॅप म्हणतात. जुना काढून हा बसवायचा, ते माझं काम. जुन्या पट्ट्याचा रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेला खिळा, ड्रिलने उडवायचा, त्याच भोकातून नवा पट्टा स्क्रूने कसायचा. पट्ट्याला भोक पाडायचं ते तापवलेल्या सळईने, म्हणजे दोरे सुटत नाहीत. आणि पट्टा प्लॅस्टिकवरून आवळायचा नाही. तो आतून, मऊ गादीला धरून गेला पाहिजे. तरच पाय पुढे वाकला की तो थोडा सुटतो आणि लगेच परत धरतो. वरून आवळला की नडगीला चावतो. हे शंभरदा सांगितलं तरी गिऱ्हाईक घरी जाऊन वरूनच आवळतं आणि मग योरिसला फोन, 'तुमच्या माणसाने नीट बसवलं नाही.' माझं डोकं फिरतं. पण तू गालात हसू नकोस, तुझी पाळी येतेच आहे.

पहिल्या जोडीला मी काय घोळ घातला ते कुणाला सांगितलेलं नाही. कडी नेहमी पायाच्या बाहेरच्या अंगाला हवी, नाहीतर चालताना एका पायाची कडी दुसऱ्याला अडकते. मी दोन्ही बुटांना कडी डाव्या अंगाला लावली. योरिसने बूट उचलले, फिरवून बघितले आणि म्हणाला, 'तुझ्या गावात लोकांना दोन डावे पाय असतात का?' काय सांगू त्याला? सात वर्षांचा असल्यापासून रोज सकाळी शाळेआधी मी एकच पट्टा बांधायचो. तुझ्या डाव्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा. दोन लोखंडी सळया, पोटरीला चामडं, कडी डावीकडे. माझ्या हातांना दुसरा पाय माहीतच नाही गं.

या आठवड्यात इथे बर्फ पडला, कधी नव्हे इतका. कालव्याच्या बांधावर लोक स्की लावून आले. एक बाई मी पट्टे बसवलेले तिचे बूट घेऊन गेली, तिथेच बांधले, चार पावलांवर आडवी झाली आणि आडवी पडून हसायला लागली. तिला पडायची हौस आहे. तुला कसली गं? संक्रांतीला तू 'जरा घसरले' म्हणालीस. परवा शेजारच्या वसुधाकाकूंना सहज फोन केला तर त्यांनी सगळं ओकलं. कॅलिपरचा पट्टा गेल्या लॉकडाऊनमध्येच तुटला. कॅलिपरवाल्याचं दुकान दिवाळीला उघडलं तरी तू गेली नाहीस. आणि जवळजवळ वर्षभर परकराच्या नाडीने पाय बांधून शिलाई मशीनपासून नळापर्यंत जातेस. नाडीने! गावाचे ब्लाउज अंगाबरोबर बसवणारी बाई तू! नळापाशी पडलीस, कपाळाला टाके पडले, आणि व्हिडिओ कॉलला केस पुढे घेऊन बसलीस. मला वाटलं, नवीन फॅशन केलीय.

तर आता ऐक. शैलेंद्रची आई आजारी आहे, तो पुण्याला येतोय, तिथून कुरियरने तुला कराडला खोकं पाठवेल. त्यात एक पट्टा आहे, डाव्या पायाचा. मीच कापलाय, कडी मीच लावलीय, पोटरीला आतून गादीसुद्धा शिवलीय. माझी शिवण आहे, नाव ठेव खुशाल. खोकं घेऊन मंडईत चपला शिवणाऱ्या मनोहरमामांकडे जायचं, रिव्हेट ते मारतील. वर जी कृती लिहिलीय ती त्यांना वाचून दाखव, त्यासाठीच एवढी लांबण लावली. बसून बांध, उभी राहा, चार पावलं टाक, मग पुन्हा ओढ. बोट आत गेलं पाहिजे. पट्ट्याने काचलं किंवा गुडघा डगमगला तर लगेच कॅलिपरवाल्याला दाखव. आणि चालतानाचा व्हिडिओ पाठव. कपाळ दिसू दे.

तुझाच, अजून रागावलेला,
सुमित

ता. क. रिव्हेटचे, रिक्षाचे आणि टाक्यांचे पैसे याच कामाच्या पगारातून पाठवतोय, शर्वरीचा त्यात एक सेंट नाही. परत पाठवलेस तर दुपटीने येतील. सध्या सहा हजार.