फिलू आत झोपली आहे

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आजपासून रोजनिशी. कारण एकच: शिस्त.

काल चर्चमध्ये फिलूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा झाली. फादरांनी प्रवचनात तिचं नाव दोनदा घेतलं. माझं एकदाही नाही. असो. मिस्सेनंतर सेवामंडळाचे अध्यक्ष रेमंड डाबरे जवळ आले आणि विचारू लागले की फिलोमिनाताईंकडची घरं आता कोणाला द्यायची. मी म्हटलं, मला. तर म्हणाले, "बावतीस, जमेल तुला?"

तीस वर्षं न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे काढली. बंदरात रुतून बसलेले कंटेनर सोडवले. आणि पाच गरीब घरांना धान्य पोचवणं मला जमेल का!

फिलूची पद्धत मी जवळून पाहिली आहे. म्हणजे गाडीतून. मंडळाचा नियम आहे की घरभेटीला दोघांनी जायचं. कागदावर दुसरा मी होतो. प्रत्यक्षात एसी लावून पेपर वाचत बसायचो आणि ती आत तासन्‌तास रमायची. कोन गावच्या वाडीतल्या चिंधीबाईकडे तर चक्क तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालत बसायची. याला सेवा म्हणत नाहीत, टाइमपास म्हणतात. मी सिस्टम आणणार.

शिवाय: कबरीच्या क्रॉसवर फिलूच्या नावाची पाटी लावायची राहिली आहे. या आठवड्यात ऑर्डर देणे. नक्की.

माझी तब्येत उत्तम. लोक उगाच खांद्यावर हात ठेवतात.

रविवार, १६ फेब्रुवारी

चार घरं झटपट उरकली. नमस्कार, पिशवी, काही अडचण? नाही? छान, निघालो. फिलूला याच चार घरांना दोन रविवार लागायचे.

शेवटी कोन. चिंधीबाई एकटीच आहे. मुलगा-सून वीटभट्टीवर, पाऊस लागेपर्यंत परतायचे नाहीत. झोपडी, चूल, एक कोंबडी. तिने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यामागे गाडीकडे बघत राहिली. म्हणाली, "बाय नाय आली?"

तेव्हा लक्षात आलं की हिला कोणी कळवलंच नाही. फोन नाही हिच्याकडे. मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना कळवलं होतं, अगदी जुन्या ऑफिसातल्या ड्रायव्हरांनासुद्धा.

सांगणारच होतो. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "गुडघा दुखतोय तिचा."

हे शंभर टक्के खोटं नाही. फिलूचा गुडघा दुखायचाच. आणि या वयात म्हातारीला एकदम धक्का देणं बरं नव्हे. आधी मनाची तयारी करायची, मग सांगायचं. पुढच्या रविवारी. नक्की.

तिने बायसाठी दोन अंडी दिली. गरिबांकडून काही घेऊ नये हे खरं, पण त्यांचं मन मोडू नये हेही खरं. घेतली. रात्री ऑम्लेट केलं. अन्न वाया घालवणं पाप आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

चिंधीबाईने गुडघ्यासाठी निरगुडीचा पाला तोडून ठेवला होता. गरम करून बांधायचा म्हणे. वर परत दोन अंडी. आज सांगायचं ठरवलं होतं, पण ती इतक्या मन लावून पाल्याचं समजावत होती की मध्ये बोलणं असभ्य दिसलं असतं.

पाला फ्रिजमध्ये ठेवला तर लोण्यालाही वास लागला. शेवटी माझ्याच गुडघ्याला बांधला. गुण आहे.

पाटी: दुकान रविवारी बंद.

बुधवार, ५ मार्च, राखेचा बुधवार

उपवासकाळ सुरू. फादरांनी कपाळाला राख लावली आणि म्हणाले, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. दरवर्षी म्हणतात. यंदा मला वाटलं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघून म्हणाले.

संकल्प: चाळीस दिवस मांसाहार बंद. खोटं बोलणं बंद. चिंधीबाईला रविवारी सांगणार. पाटीचा दुकानदार आज म्हणाला की नाव आणि तारखा कागदावर लिहून द्या. घाईत होतो. नंतर देईन.

रविवार, ९ मार्च

रेमंडने न विचारता जोडीदार दिला. नियम म्हणजे नियम, दोघांनीच जायचं. इंद्रजीत साळवे, शाळामास्तर, भला माणूस, पण व्यवहार कमी. जाताना गाडीत त्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, दादा, मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, हे खोटं नाही, ही टप्प्याटप्प्याने द्यायची माहिती आहे.

चिंधीबाई आज गुडघ्यावर विश्वास ठेवेना. निरगुडीने गुण येत नाही असं आजवर झालंच नाही म्हणे. मग मला म्हणावं लागलं की ताप आहे. किती? बराच. मग आणखी म्हणावं लागलं की दवाखान्यात ठेवलं आहे. इंद्रजीत उठला आणि बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिला. संघभावना नाही.

परतताना कळंबोली आली. इंद्रजीतने एकदम विचारलं, "बावतीसदादा, तुम्ही रात्री जेवता ना?" विषयाशी काय संबंध?

रविवार, १६ मार्च

इंद्रजीतला सांगितलं की पेट्रोल वाचवू, मी एकटाच जातो. दुसरं माणूस पाहिजेच असेल तर फिलू आहे.

वरचं वाक्य खोडायचं होतं. पेन फिक्कट चालतंय, राहू दे.

आज वाईट झालं. चिंधीबाई रस्त्यावरच वाट बघत उभी होती. काखेत कोंबडी, पाय बांधलेले. म्हणाली, "हिचा रस्सा दे बायला. ताकद येल." मी म्हटलं, चिंधीबाई, अहो, अंडी विकून तुमचं मीठमिरची सुटतं, ही एकच आहे तुमच्याकडे. तर म्हणाली, "डोल्यांचं आपरेशन केलं तवा दोन राती तुज्या घरात निजली मी. बायने भात भरवला हातानं. कोंबडीचं काय घेऊन बसलास."

मी काच वर घेणार तेवढ्यात तिने कोंबडी आत सरकवली. फिलूच्या सीटवर. जानेवारीपासून त्या सीटवर कोणी बसलं नव्हतं. मी पिशवीही मागच्या सीटवर ठेवायचो, इंद्रजीतलाही मागेच बसवलं होतं.

सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्याने हसून पाहिलं. मी सरळ समोर बघत होतो.

गुरुवार, २० मार्च

कोंबडी बाल्कनीत आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस द्यायची धमकी दिली. मी त्याला धर्मस्वातंत्र्य ऐकवलं. कापण्याचा प्रश्नच नाही. उपवासकाळात मांस वर्ज्य. ईस्टरला बघू.

सकाळी कोंबडीशी चर्चा केली. चिंधीबाईला कसं सांगावं याची रंगीत तालीम. तिला म्हटलं, "हे बघा, फिलू..." आणि तिची पाण्याची वाटी भरायला उठलो. उन्हाळ्यात पाणी रोज बदलावं लागतं.

रविवार, २३ मार्च

कोनला गेलो नाही. व्हायरल. रेमंडला मेसेज टाकला.

रविवार, ३० मार्च

आजही व्हायरल. थर्मामीटर बिघडलेला आहे, ताप दाखवत नाही. चिंधीबाईचं धान्य डिकीतच पडून आहे. इंद्रजीतने फोन करून विचारलं की मी नेऊन देऊ का? मी म्हटलं, पोचलंय. पोचणारच आहे, म्हणजे एका अर्थाने पोचलंच.

उद्या सोमवार असला तरी जाणार. नक्की.

रविवार, ६ एप्रिल, संध्याकाळ

गेलो नाही. ती आली.

दुपारी खालून वॉचमन महादेवचा फोन आला. कोणी आदिवासी म्हातारी आहे, दारावर क्रॉस असलेलं तिसऱ्या मजल्यावरचं घर म्हणतेय, सोडू का? मी सोड म्हटलं आणि मग भान आलं. हॉलमध्ये फिलूचा फोटो. त्याच्यासमोर लाल बल्ब. फोटो उचलला आणि कपाटात तिच्या साड्यांखाली सारला. ते कपाट मी तेव्हापासून उघडलं नव्हतं. बल्ब काढायला वेळ नव्हता. बेडरूमचं दार ओढून घेतलं.

चिंधीबाई दारात. कोनहून दोन टमटम बदलून आली होती. वाळली आहे. म्हणाली, दोन ऐतवार तू आला नाय, मला वाटलं बायचं जास्त झालं. मी म्हटलं, नाही, नाही, घरी आणलंय, बरी आहे. आत झोपली आहे.

तिने लगेच आवाज खाली आणला. "निजू दे," म्हणाली. आणि बेडरूमच्या बंद दाराला पाठ लावून खाली बसली. उठली की भेटून जाईन म्हणे.

मी चहा केला. बिस्किटांचा पुडा पुढे ठेवला. तिने एकेक बिस्किट बुडवून सगळा पुडा संपवला. अगोचरपणा, असं मनात येतंय तोच डिकीतलं धान्य आठवलं. मग मी काही खाऊ शकलो नाही.

आम्ही बसून राहिलो. ती कुजबुजत बोलत होती, मीही कुजबुजत उत्तरं देत होतो. तिने सांगितलं की बाय तिच्याकडे येऊन काय काय बोलायची. माझ्याबद्दलही. मी गाडीत बसतो कारण मला आत यायची लाज वाटते, पण मनाचा वाईट नाही, असं सांगायची. फिलू माझ्याबद्दल असं बोलायची हे मला ठाऊक नव्हतं. पंखा हळू केला. स्वयंपाकघरात पाय न वाजवता गेलो. खरं सांगायचं तर ही दुपार संपू नये असं वाटत होतं. कारण आत खरंच कोणीतरी झोपलंय असं घर झालं होतं.

मग बाल्कनीतून कोंबडी ओरडायला लागली. अंडं घातलं होतं तिने. चिंधीबाई धडपडत उठली, "गप गं, बाय निजलीय," म्हणत बाल्कनीत गेली. आणि तिथेच उभी राहिली.

परत आली तेव्हा तिने विचारलं, "रस्सा नाय केला?"

नाही म्हटलं. का, म्हणाली. उपवासकाळ, म्हणणार होतो. शब्द अगदी ओठांवर होता. ती विझलेल्या माणसासारखी दाराकडे बघत होती आणि मग बल्बकडे. लाल बल्ब, समोर भिंतीवर रिकामा खिळा.

मी म्हटलं, "फिलू गेली, चिंधीबाई."

कंदी, म्हणाली. जानेवारीत, म्हटलं. तिने बोटं मोडली नाहीत की कपाळ बडवलं नाही. एवढंच विचारलं, अंडी धाडली तवा बी नव्हती? नव्हती. मग कोण खायचं? मी.

"बरं झालं. कुणाच्या तरी पोटात गेली."

मला वाटलं, सुटलो. मग ती म्हणाली, "मातीला मला का नाय नेलं, दादा?"

कारणं माझ्याकडे होती. धक्का बसेल, वय झालंय, मनाची तयारी, सगळं लिहून ठेवलंय मागच्या पानांवर, वाचून पाहिलं. त्यातलं एकही तिला देण्यासारखं नाही. मला ती आठवलीच नव्हती. फिलूच्या तोंडी वर्षानुवर्षं जिचं नाव असायचं ती माझ्या लेखी पाच घरांतलं एक घर होती.

ती रडायला लागली. बराच वेळ. मग मीही. घरात पहिल्यांदा आवाज झाला. शेजाऱ्यांनी बेल वाजवली, मी उघडलं नाही.

संध्याकाळी तिला कोनला सोडलं. धान्य उतरवलं. कोंबडी परत दिली. फिलूच्या सीटवर चिंधीबाई बसली होती, कोंबडी मांडीवर. झोपडीशी उतरताना म्हणाली, पुढल्या ऐतवारी मला बायकडे ने.

रविवार, १३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मिस्सेनंतर चिंधीबाईला घेऊन कबरस्थानात गेलो. मी मोठ्या रुबाबात पुढे चाललो आणि एका कबरीशी थांबून म्हटलं, ही. ती खाली बसून मातीवर हात फिरवू लागली. तोच राखणदार तुळशीराम आला आणि म्हणाला, दादा, ही तुमची नव्हं, तुमची तिकडं, भिंतीकडं. सगळे क्रॉस सारखेच. पाटी कुठे आहे? पाटी मी लावलीच नाही.

मला माझ्या बायकोची कबर सापडली नाही. लिहून ठेवतो.

भिंतीकडच्या कबरीपाशी चिंधीबाईने विचारलं, डोकं कुठल्या अंगाला? तेही मला सांगता आलं नाही. दफनाच्या वेळी मी फुलांचा हिशेब आणि गाड्यांचं पार्किंग बघत होतो, कार्यक्रम सुरळीत झाला म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. तुळशीरामने काठीने दाखवलं.

ती डोक्याशी बसली. कमरेच्या पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. फिलूचीच, तिच्या झोपडीत ठेवलेली, तळाशी थोडं उरलेलं. ते तिने मातीवर घातलं आणि बोटांनी जिरवलं, हळूहळू, टाळूवर जिरवतात तसं. बोलत होती तिच्याशी. कोंबडी परत नेली गं, राग धरू नको. परत अंडी देतेय. दादाला सांगितलंय, ऐतवारी आत येऊन बसायचं.

मी बाजूला उभा होतो. गाडीची किल्ली हातात होती. मग किल्ली खिशात घातली आणि खाली बसलो. उन्हात बराच वेळ बसलो होतो दोघं. आज नियमाप्रमाणे भेट झाली म्हणायची.

पाटीसाठी नाव आणि तारखा कागदावर लिहिल्या आहेत. उद्या दुकानात देणार. नक्की हा शब्द लिहीत नाही.