पिवळ्या पुडीचा अर्ज

सांगली, १० मार्च १९७४

ती. दादांस अंजनाचा शि. सा. न. वि. वि.

मी आणि मुलगी बऱ्या आहोत. पाठवलेली हळद वरून रंग न लावलेली आहे, खुशाल खा. पोत्यावर परदेशी कंपनीचा पत्ता छापलाय म्हणून वहिनींनी ते देव्हाऱ्यात ठेवू नये.

परवा माल घेणाऱ्या त्या कंपनीचा साहेब आमचा हळदीचा कारखाना बघायला आला. मालकांनी आम्हा बायकांना नाकातोंडाला बांधायला फडकी दिली, फोटो काढले आणि साहेबाची मोटार जाताच फडकी परत घेतली. हळकुंडं चमकावीत म्हणून पिंपात पिवळी पूड टाकतात, ती छातीत बसते. आपल्या रहिमतपूरच्या बनुबाई माझ्या शेजारीच कामाला असतात. म्हणतात, लय खोकतीस पोरी. मला भीती वाटते, पण बोलले तर काम जाईल, आणि खोलीही मालकांचीच.

आहे ती माया राहू द्या.
तुमची अंजना

रहिमतपूर, १८ मार्च १९७४

चि. अंजनास आशीर्वाद.

पत्र वाचलं. हायस्कुलातल्या मास्तरांकडून इंग्रजीत अर्ज लिहवून पोत्यावरच्या पत्त्यावर धाडला. कुणाचंच नाव घातलेलं नाही. वरिष्ठाला डावलून अर्ज करायचा नाही, ही फौजेतली शिस्त. म्हणून एक नक्कल तुझ्या मालकांनाही पाठवली. आता घाबरू नकोस.

मुलीला पापा.
आकारामदादा

सांगली, २ मे १९७४

ती. दादांस शि. सा. न.

अहो, काय करून बसलात! मालकांना आलेल्या नकलेच्या पाकिटावर रहिमतपूरचा शिक्का. महिनाभर मी मालकांची नजर चुकवून फाटकातून आत जात होते.

परवा साहेबाचं पत्र आलं. पूड बंद करा, बायकांना फडकी द्या, नाहीतर माल घेणार नाही. तिकडच्या वर्तमानपत्रात आलं तर त्यांचा धंदा बसेल म्हणे. मालकांनी सगळ्यांना ओळीत उभं करून रहिमतपूरची कोण ते विचारलं. मी मान खाली घातली. बनुबाई पुढे झाल्या आणि अर्ज मीच धाडला म्हणाल्या. मालकांनी त्यांना उभ्या उभ्या कामावरून काढलं.

आज फडकी मिळाली, पूडही बंद झाली. संध्याकाळी मी बनुबाईंकडे जाऊन रडले. तुजी पोर ल्हान हाय, गप ऱ्हा, असं त्यांनी मलाच बजावलं.

दादा, मला गप्प राहवत नाही. उद्या मालकांना खरं सांगणार आहे. फार भीती वाटते. तुमच्यावर राग नाही. वहिनींना तेवढं सांगा, मागची खोली रिकामी करून ठेवा.

तुमची अंजना